घुमणारा प्लेअर आणि कापलेली हिरवी वायर

पत्र थोडक्यात असं: सांगली जिल्ह्यातून एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. गावातलं घर रिकामं करताना त्यांचा गॅरार्ड एसपी 25 रेकॉर्ड प्लेअर, त्यांच्या मित्राने जोडून दिलेला ॲम्प्लिफायर आणि दीडेकशे रेकॉर्ड ताई आपल्या फ्लॅटवर घेऊन आल्या. टीव्ही युनिटमध्ये जागा बेताची, म्हणून प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवला. लावल्या दिवसापासून ‘घूंऽऽ’ असा आवाज येतोय. थाळी फिरत नसली तरी येतो, नॉब वाढवला की वाढतो, आर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) हात लावला की बदलतो. त्याच ॲम्प्लिफायरवर रेडिओ मात्र स्वच्छ लागतो. दुरुस्तीवाल्याने दोन मिनिटांत ‘मोटर गेली’ म्हणून सांगितलं. दुसरी जुनी मोटर शोधून बसवायचे साडेसहा हजार. मुलगा म्हणतो, एवढ्यात नवा सुटकेसवाला प्लेअर येईल. भाऊ म्हणाला, ‘बाबांच्या हाताखाली चाळीस वर्षं सुरळीत चालला, तू हलवलास आणि बिघडला.’ ताईंचा प्रश्न: पैसे घालावेत, विकावा, की न वाजवता बाबांची आठवण म्हणून नुसता ठेवावा? खाली ता. क. आहे: सामान काढताना प्लेअरच्या मागून एक हिरवी वायर खिडकीबाहेर नळाच्या पाइपापर्यंत गेलेली दिसली. रेडिओची एरियल असेल म्हणून कापली.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा वरून खाली आणि ता. क. वाचून झाल्यावर पुन्हा खालून वर. तुम्ही जाता जाता जिचा उल्लेख केलाय, ती हिरवी वायरच या सगळ्याच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. तिच्याकडे जरा दमाने येतो, कारण असा घुमणारा सेट घेऊन बसलेले बरेच जण असतात आणि प्रत्येकाने काही नळाची वायर कापलेली नसते.

आधी मोटरचं बघू. थाळी फिरत नसतानाही आवाज येतो, हे तुम्हीच लिहिलंय. प्लेअरचं बटण बंद असताना मोटर थांबलेली असते. थांबलेली मोटर घुमणार कशी? खात्रीच करायची तर प्लेअरची पिन बोर्डातून उपसून काढा, ॲम्प्लिफायर चालू ठेवा आणि नॉब नेहमीइतका वर न्या. घूं तसाच असेल तर मोटरवरचा आळ गेला, आणि साडेसहा हजारही वाचले. दुरुस्तीवाल्यावर रागावू नका. त्याने सेट लावला, थाळी फिरली, घुमलं, त्याने मोटर म्हटलं. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, हे विचारायला त्याला दोन मिनिटं पुरली नाहीत. ते टिपण तुम्ही पत्रात करून ठेवलंय, आणि निम्मी दुरुस्ती तिथेच झाली.

रेडिओ स्वच्छ लागतो म्हणजे ॲम्प्लिफायरचा वीजपुरवठाही ठीक आहे. तो बिघडला असता, आतले मोठे कपॅसिटर सुकले असते, तर रेडिओवरही घुमलं असतं, आणि बहुधा नॉब शून्यावर असतानाही. राहिलं काय? सुईपासून ॲम्प्लिफायरच्या फोनो सॉकेटपर्यंतची, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरची वायर जिथे खुपसतात तिथपर्यंतची वाट. आर्मला हात लावल्यावर आवाज बदलतो, हेही तिकडेच बोट दाखवतं.

ही वाट एवढी नाजूक का, ते सांगतो. काट्रिज म्हणजे आर्मच्या टोकाची, सुई बसवलेली डबी. चुंबकवाल्या काट्रिजमधून निघणारा विजेचा सिग्नल असतो चार-पाच मिलिव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टच्या हजारातले चार-पाच भाग. ॲम्प्लिफायरचा फोनो भाग तो शंभरएक पट वाढवतो. शिवाय रेकॉर्ड कापताना खालचे, खर्जाचे सूर मुद्दाम बारीक करून कापलेले असतात (नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसली असती), म्हणून वाजवताना ते पुन्हा फुगवावे लागतात. यासाठीचं माप 1954 पासून ठरलेलं आहे. भिंतीतल्या विजेच्या 50 हर्ट्झला ही जादा वाढ सुमारे सात पटींची. शंभर गुणिले सात, सातशे! घरातल्या वायरिंगमधून हवेत जी किंचितशी कुजबूज पसरलेली असते, ती या वाटेत शिरली की सातशे पट होऊन स्पीकरमधून बाहेर पडते. रेडिओच्या वाटेवर हा गुणाकारच नाही. त्यामुळे रेकॉर्ड प्लेअर घुमला म्हणजे तो म्हातारा झाला, असं समजू नका. कोरा करकरीत प्लेअरही अर्थिंगशिवाय लावा, असाच घुमेल.

ही कुजबूज ओळखायची एक घरगुती युक्ती आहे. मिरजेच्या पंचक्रोशीत राहता, तेव्हा घरात नाहीतर शेजारी पेटी असेलच. 50 हर्ट्झ म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वरचा सूर, आणि त्याची दुप्पट 100 हर्ट्झ म्हणजे तीच पांढरी पाच, एक सप्तक वर. सेट घुमत असताना पेटीवर खालची पांढरी पाच दाबा. दोन्ही सूर जवळपास जुळले, थोडेसे एकमेकांवर हेलकावे खात राहिले, तर तो आवाज विजेचा आहे. आपल्याकडे कुठल्याही गावात घुमणारा सेट याच पट्टीत घुमतो. महावितरणचा तानपुराच म्हणा. सूर असा नसेलच, नुसती घरघर असेल आणि तीही थाळी फिरतानाच, तर मामला यंत्राचा आहे आणि तिथे वायरी चाळवून उपयोग नाही.

आता हिरवी वायर. जुन्या घरातल्या बोर्डांना दोनच भोकं असायची, अर्थिंगचा पत्ता नसे. प्लेअरचा पत्रा आणि आर्मची नळी हे सगळं धातूचं. ते कशालाच जोडलेलं नसलं तर एरियलचं काम करतं आणि ती कुजबूज गोळा करतं. तुमच्या वडिलांनी (किंवा त्या मित्राने) प्लेअरच्या पत्र्यापासून वायर काढून बाहेरच्या लोखंडी पाइपाला बांधली. पाइप जमिनीत गेलेला. कुजबुजीला वाट मिळाली, घुमणं थांबलं. त्या काळच्या मानाने चांगलं डोकं चालवलं होतं.

म्हणजे तुमचा भाऊ अर्धा बरोबर आहे. हलवल्यामुळे काही मोडलं नाही, हलवताना एक जोड सुटला. आणि ‘बाबांच्या वेळी घुमत नव्हता’ हेही जरा तपासून बघा. ते दुपारी, ओट्याकडचं दार उघडं, वर पंखा, बाहेर रस्ता, अशात ऐकत असतील. तुम्ही रात्री दारं-खिडक्या लावून ऐकता. मोबाइलवरच्या गाण्यांमागच्या ठार शांततेची आपल्या कानांना सवय झालीय. रेकॉर्डमागे ती कधीच नव्हती. तेव्हा लक्ष्य एवढंच ठेवा: नॉब ऐकण्याच्या जागेवर, रेकॉर्ड थांबलेली, तुम्ही नेहमीच्या खुर्चीत. तिथे घूं ऐकू आला नाही की झालं. नॉब पूर्ण वर नेऊन, स्पीकरला कान लावून तपासायला गेलात तर जगातला कुठलाही सेट नापास होईल.

फ्लॅटमध्ये तीच वायर पुन्हा नळाला बांधायची नाही, हे आधीच सांगतो. एक तर आताचे पाइप प्लॅस्टिकचे, काही उपयोग नाही. आणि कुठे लोखंडी असला तरी त्या पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी ओल्या हाताने तोटी सोडत असतं. वायर न्यायची ती प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच.

असं करा. दोन्ही यंत्रांच्या पिना बोर्डातून काढा. प्लेअर उचलून खाली बघा. हिरव्या वायरचा कापलेला बुंधा पत्र्यावरच्या ज्या स्क्रूखाली दाबलाय तो स्क्रू सापडेल. तिथून दीडएक मीटर मऊ वायर ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे न्या. फोनोच्या दोन सॉकेटांजवळ एक एकटा स्क्रू असतो, बऱ्याचदा ‘जीएनडी’ (ग्राउंड, म्हणजे अर्थ) लिहिलेलं असतं, त्याला आवळा. हाताने जोडलेल्या ॲम्प्लिफायरला असा स्क्रू नसला तर खोक्याच्या मागच्या एखाद्या स्क्रूखाली घ्या, पण तिथला रंग आधी खरवडा. रंगावर आवळलेली वायर म्हणजे न आवळलेलीच. वायरची टोकं अर्धा इंच सोलून, पीळ देऊन मगच स्क्रूखाली घाला.

आवळण्याआधी एक तपासणी मात्र टाळू नका. दोन्ही यंत्रं लावून, चालू करून, पत्र्याला टेस्टर लावून बघा. हाताला झिणझिण्या येत असतील किंवा टेस्टर लख्ख पेटत असेल तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. बोर्डाला अर्थिंग खरंच आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हेही त्याच वेळी बघून घ्या. नव्या इमारतीतही हा घोटाळा सापडतो. आणि कुणी ‘थ्री-पिनची मोठी पिन काढून टाका, घुमणं जाईल’ असं सुचवलं, तर त्याला चहा पाजून परत पाठवा. घुमणं कधी कधी खरंच जातं, पण त्याबरोबर शॉकपासूनचं संरक्षणही जातं.

वायर जोडूनही थोडं उरलं, तर प्लेअर ॲम्प्लिफायरच्या डोक्यावरून उतरवा. हे खरं तर आधीच करायला हवं. ॲम्प्लिफायरच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र लाकूड-पत्र्याला जुमानत नाही, आणि वर काट्रिजमधली केसासारखी बारीक वेटोळी ते झेलायला बसलेलीच असतात. शेजारी-शेजारी ठेवा, मध्ये दोन वीत अंतर. नेमका ट्रान्सफॉर्मर कुठल्या बाजूला आहे ते कळत नसेल तर आवाज चालू ठेवून प्लेअर इकडेतिकडे सरकवा, कान सांगतील. केबल टीव्हीचा डबा याच ॲम्प्लिफायरला जोडलाय का? असेल तर त्याची वायर काढून बघा. केबलवाल्याचं अर्थिंग वेगळं, तुमचं वेगळं, आणि दोन अर्थिंगांच्या मधल्या फेऱ्यातूनही अगदी असाच घूं येतो.

एकाच बाजूच्या स्पीकरमधून येत असेल तर फोनो सॉकेटांमधल्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करा. आवाजाने बाजू बदलली, तर दोष प्लेअरकडचा: बहुतेक वेळा काट्रिजमागच्या चार इवल्या वायरींपैकी एक सैल झालेली असते. लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या, पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या. त्यातली हिरवी किंवा निळी सुटली की त्या बाजूला घुमतं. चिमट्याने हलकेच आत दाबा, तिथे सोल्डरिंग आयर्न न्यायचं नाही, काट्रिज जळते. पिनांवर काळपट थर असेल तर शाळेतल्या पेन्सिलीचा खोडरबर पुरतो.

इतर वाचकांसाठी थोडं विषयांतर, ताई, तुम्ही हा भाग सोडलात तरी चालेल. आर्म रेकॉर्डच्या कडेवरून मध्यभागाकडे जाताना घूं वाढत असेल, तर तिथे खरोखर मोटरचा संबंध आहे, पण ती ‘गेली’ म्हणून नव्हे. तिच्या चुंबकीय क्षेत्राला जिचं कवच अडवत नाही अशी काट्रिज बसवलेली असते. काट्रिज बदला. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून जुना प्लेअर आणणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात: 120 व्होल्टसाठीचा जो ट्रान्सफॉर्मर लावता तो प्लेअरच्या शेजारी ठेवू नका, तोच घुमवतो. आणि तिकडची वीज 60 हर्ट्झची. विजेच्या ठेक्यावर चालणारी मोटर इथे 50 वर एक षष्ठांश मंद फिरते, काळी तीनमध्ये गायलेलं काळी दोनमध्ये ऐकू येतं. बिघाड समजू नका, मोटरवरची कप्पी 50 हर्ट्झची बसवली की गाडी रुळावर येते.

गोल ‘घूं’ऐवजी माशीसारखा कर्कश ‘झर्रर्र’ असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करून बघा. मी स्वतः एकदा अख्खा रविवार प्लेअर उघडून, प्रत्येक वायर तपासत बसलो होतो. संध्याकाळी थंडी वाजली म्हणून बायकोने पंखा बंद केला आणि झर्रर्र थांबला. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर आवाज वाढतो, तोही याच जातीचा; स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत नसते, कोपरे असलेली असते. वीज येईपर्यंत वाट बघणं हाच उपाय.

यंत्राच्या घरघरीचं दोन ओळींत सांगतो, कारण तुमची नाही, पण पुढेमागे होईल. या प्लेअरची थाळी एका रबरी चाकावर फिरते. वर्षानुवर्षं ते एकाच जागी दाबून राहिलं की तिथे चपटतं आणि फिरताना लयीत धडधडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा, नाही गेलं तर चाक नवीन. वाहतुकीत यंत्राचे स्क्रू घट्ट केले असतील तर ते सैल करा. स्प्रिंगांवर डुलायला हवं ते यंत्र लाकडी खोक्याला जखडलं की मोटरची थरथर थेट सुईपर्यंत येते. आणि मोटरला तेल द्यायचं ते शिलाई मशीनचं, थेंबभर. आपल्याकडे कशालाही खोबरेल लावायची खोड असते. ते डिसेंबरात थिजतं आणि मोटर पहाटे मुकाट उभी राहते.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे. मुलाचा सुटकेसवाला प्लेअर घुमणार नाही हे खरं. त्यात सगळं एकाच खोक्यात असतं. पण स्वस्तातल्या अशा प्लेअरची सुई पाच ग्रॅमच्या आसपास दाब देते, चांगल्या काट्रिजला दोन-तीन पुरतात. वडिलांच्या दीडशे रेकॉर्डांवर तो चालवावा, असं मी म्हणणार नाही. त्याला त्याच्या मित्रांसोबत नव्या रेकॉर्ड ऐकायच्या असतील तर त्याचा त्याने खुशाल घ्यावा.

विकायला हरकत नाही, पण घुमत असताना विकू नका. ‘मोटर गेलेला’ म्हणून तो भंगाराच्या भावात जाईल आणि घेणारा घरी जाऊन वीस रुपयांची वायर लावेल. दुरुस्त करा, महिनाभर ऐका, मग विकावासा वाटला तर विका.

नुसता ठेवण्याबद्दल मात्र माझं मत तुमच्याविरुद्ध आहे. बाबांनी जसा ठेवला तसाच ठेवायचा, हा विचार मी समजू शकतो. पण त्यांनी तो ‘तसाच’ कुठे ठेवला होता? घराच्या बोर्डाला तिसरं भोक नव्हतं, म्हणून त्यांनी खिडकीतून वायर नेली. तुमच्या घराला ते आहे. शिवाय न वाजवता ठेवला की रबर चपटतं, मोटरमधलं तेल डिंकासारखं होतं. वर्षाने उघडाल तेव्हा दुरुस्तीवाल्याचं म्हणणं खरं ठरलेलं असेल.

क्रम असा ठेवा. आज रात्री प्लेअरची पिन काढून ऐका. उद्या तो ॲम्प्लिफायरवरून उतरवा. परवा भावाला फोन लावा. भांडायला नाही, ती हिरवी वायर खिडकीतून पाइपापर्यंत नेताना बाबांना शिडी कोणी धरली होती, ते विचारायला. त्याला आठवत असेल तर रविवारी त्यालाच स्क्रू आवळायला बोलवा. तो कापलेला तुकडा फेकून दिला नसेल तर शोधून ठेवा. वाकवल्यावर वरचं प्लॅस्टिक तडकत नसेल, तर नवी वायर आणू नका, त्यातूनच दीड मीटर कापून घ्या.